लातूरहून आणलेली विजयाची बाटली

माझी बायको सरूबाई हिला गेल्या दिवाळीत नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीखालची आग गेली नाही. लुगड्याचा काठ घासला तरी ती दचकते. हदगावच्या गोळ्या झाल्या, नांदेडच्या झाल्या. झोप दोन तासांच्या वर जाईना. शेवटी नांदेडच्या एका वैद्यांनी मला बाजूला घेऊन विजया नावाचं औषध सुचवलं. विजया म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क. वैद्यांची चिठ्ठी असली की तो दुकानात रीतसर मिळतो, हे मला बाहत्तराव्या वर्षी कळलं.

ज्यांच्या घरी असं दुखणं आहे आणि जे घाबरून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी स्वतः तीन आठवडे घाबरून बसलो होतो.

त्याचं कारण असं. सरूबाईचा धाकटा भाऊ किसन यानं बारा वर्षांमागं तुरीच्या ओळीत गांज्याची आठ झाडं लावली होती. पोलीस आले तेव्हा गावात नीट सही करणारा माणूस म्हणून त्यांनी मला पंच केलं. मी सातवी शिकलेलो. माझ्यादेखत झाडं उपटली, मोजली, पोत्यात भरली, पोत्याला लाखेचं सील लावलं. पंचनाम्यावर मी सही केली. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. किसन दहा महिने आत होता. सुटल्यावर तो मुदखेडला राहायला गेला आणि माझ्या घरी पुन्हा आला नाही. भाऊबीजेला सरूबाईच तिकडं जाते. आता त्याच जातीच्या झाडाचं औषध मी तिच्यासाठी आणायला निघालो होतो. ती ते घेईल का, हा खरा घोर होता. म्हणून घरी एवढंच सांगितलं की नांदेडला नवीन औषध मिळतं. सून घरी होती, तिच्या भरवशावर निघालो.

पहिला दिवस नांदेडचा. हदगावहून सकाळची एसटी धरली. पासष्टच्या वर वय असेल तर अर्धं तिकीट लागतं, आधार कार्ड मात्र वरच्या खिशात ठेवा, कंडक्टरला थांबायला वेळ नसतो. रस्ता आता चांगला आहे. अर्धापूरजवळ दोन्ही अंगांना केळीचे मळे लागतात, तेवढ्या भागात गाडीतसुद्धा गार वाटतं. मी मात्र सगळा वेळ पिशवी मांडीवर धरून होतो. पिशवीत तेव्हा भाकरी आणि ठेचा सोडून काही नव्हतं.

चिठ्ठी जुनी झाली होती, म्हणून वैद्यांकडं नवी करून घेतली. तासभर बसावं लागलं. आमचं बोलणं असं झालं.

"रस्त्यात पोलिसांनी धरलं तर?"

"काका, चिठ्ठी दाखवा."

"चिठ्ठी फाटली तर?"

"झेरॉक्स काढा."

"झेरॉक्स चालंल का त्यांना?"

वैद्यांनी चष्मा काढला. "काका, औषध काकूंना द्यायचंय, तुम्हाला न्हाई. तुम्हाला दुसरं कायतरी लिहून देऊ का?"

मी पाच झेरॉक्स काढल्या. एक सदऱ्यात, एक बंडीच्या खिशात, एक पिशवीत, एक आधार कार्डाला लावून. पाचवी कुठं ठेवली ते अजून सापडलेलं नाही.

नांदेडच्या दोन दुकानांत विजया संपली होती. लातूरला मिळेल म्हणाले. स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर राहिलो. खोलीत पंखा होता, खिडकी नव्हती. जेवण गुरुद्वाऱ्याच्या लंगरात झालं. डाळ, पोळी, खीर. तिथं कुणी कुणाला काही विचारत नाही, ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गाडी जाते. साडेतीन तास धरा, अहमदपूरला चहापुरता वेळ मिळतो. लातूर हे दिखाऊ शहर नाही. डाळीच्या गिरण्या, हमाल, पोती, शिकवणीच्या पाट्या आणि आपापल्या कामाला लागलेली माणसं. गावाच्या मध्यात गोलाई, म्हणजे गोल बाजारपेठ आहे, तिथून सोळा रस्ते फुटतात. नव्या माणसानं ज्या रस्त्यानं आत शिरलो त्याची खूण लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही. दोन वेळा दोरखंडांच्या एकाच दुकानासमोर आलो. शिवाय औषधाचं नाव मोठ्यानं घ्यायची मला भीती. दुकानदाराच्या कानाशी जाऊन विचारायचो. एकानं मला कोपऱ्यावरच्या ऐकू न येणाऱ्यांच्या यंत्राच्या दुकानाकडं पाठवलं.

शेवटी बादल्या आणि घमेली विकणाऱ्यांच्या गल्लीत ते दुकान सापडलं. गल्ल्यावर चाळिशीतली एक बाई होती. तिनं चिठ्ठी वाचली, मागच्या कपाटातून बाटली काढली आणि रजिस्टर पुढं केलं. नाव, पत्ता, सही. बाटली माझ्या करंगळीएवढी. किंमत डीएपी खताच्या एका पोत्याहून जास्त. पैसे मोजून न्या, उधारी नाही.

मी सही केली आणि विचारलं, "पंच कुठं हायत?"

"कसले पंच?"

"दोन पंच लागतात. त्यांच्यासमोर बाटली पाकिटात घालायची, सील करायची, वर सह्या घ्यायच्या. उद्या कुणी म्हणलं, ह्यात दुसरंच काय भरलं, तर?"

मी गोलाईतून पाकीट, लाखेची कांडी आणि काड्यापेटी घेऊनच आलो होतो. सगळं गल्ल्यावर ठेवलं. बाई कांडीकडं बघत राहिली.

"काका, इथं रोज माणसं येतात, बाटली खिशात टाकतात अन् जातात."

"जात असतील. मी पंच राहिलेला माणूस हाय. मला म्हाईत हाय कागदाचं काय होतं ते."

ती हसली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तिनं शेजारच्या बादलीवाल्या चाचांना हाक मारली. "चाचा, जरा या. काकांना पंच पायजेत."

"कायकू? चोरी हुई क्या?" चाचा घमेलं हातात घेऊनच आले.

"औषध घेतलंय त्यांनी."

"दवाईच है ना? लाओ, करतूं दस्तखत." त्यांनी पाकिटावर उर्दूत सही केली. दुसरी सही समोरच्या चहावाल्याची. तो म्हणाला, "आज्जा, कोर्टात बोलावलं तर येण्याजाण्याचं भाडं कोण देणार?" मी देईन म्हणालो. लाख वितळून पाकिटावर सांडली, थोडी गल्ल्यावरही पडली. मी खरवडून द्यायला लागलो तर बाई म्हणाली, राहू द्या.

परतीच्या गाडीत अहमदपूरला एक पोलीस चढला आणि नेमका माझ्या शेजारी बसला. सुट्टीवर घरी चालला असावा, हातात आंब्याची पेटी होती. पंधरा मिनिटं मी पिशवी मांडीवर धरून बसलो. मग राहवेना.

"साहेब, माझ्याजवळ एक वस्तू हाय."

"काय?"

"विजयाचं औषध. भांगेचं. चिठ्ठी हाय, पावती हाय, दोन पंचांच्या सह्या हायत." मी सगळं त्याच्या पेटीवर मांडलं.

त्यानं सील बघितलं, उर्दू सही बघितली. "हे सील कुणी केलं?"

"मीच."

"चांगलं केलंय. आमच्यात एवढं नीट कुणी करत न्हाई." मग त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. "आता हे उचला बाबा, अन् मला लोह्यापर्यंत झोपू द्या."

रात्र नांदेडला काढून तिसऱ्या दिवशी सकाळी हदगावमार्गे घरी पोचलो. सरूबाई ओट्यावर एका अंगावर कलून बसली होती. मी सील फोडून बाटली तिच्यापुढं ठेवली. तिला वाचता येत नाही, पण तिनं बूच काढून वास घेतला.

"कशाचं हाय?"

खोटं बोलायचं वाटेत ठरवलं होतं, ते जमलं नाही. सांगितलं.

"म्हंजी किसनाचं."

"किसनाचं न्हाई. दुकानातलं हाय. कागद हाय त्याचा."

"झाडाला कागद कळतो व्हय?" असं म्हणून तिनं बाटली फळीवर हिंगाच्या डबीशेजारी ठेवून दिली.

दोन दिवस बाटली तिथंच राहिली. ती कण्हत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुनेला मुदखेडला फोन लावायला सांगितला. आवाज मोठा ठेवला होता, मला ऐकू यावा म्हणूनच असेल. तिनं भावाला सगळं सांगितलं आणि विचारलं, "घिऊ का?"

किसन म्हणाला, "आक्का, दाजींनी आणलंय म्हणून नगं घिऊस. दुखतंय म्हणून घे." नंतर त्यानं किंमत विचारली. सरूबाईनं सांगितली. तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "एवढुशा बाटलीला? अन् माझी आठ झाडं फुकटात नेली की गं!"

सरूबाईही हसली. हसताना तिनं बरगडी धरली होती.

त्या दुपारी जेवणानंतर तिनं कोमट दुधात दोन थेंब घेतले. वैद्यांनी तेवढ्यानंच सुरुवात सांगितली आहे. गुरं परत येईपर्यंत ती झोपली होती. आता पंधरा दिवस झाले. आग गेलेली नाही. तोंड कोरडं पडतं, उठल्यावर थोडं गरगरतं, म्हणून सून हात धरते. पण सलग चार तास झोप होते. ज्यांना आणायचं असेल त्यांनी वैद्यांना विचारूनच आणावं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊ नये.

प्रवासातून काय राहिलं, असा विचार करतो तेव्हा त्या बाईचं रजिस्टर आठवतं. मी आयुष्यात या झाडासाठी दोनदा सही केली.

बाटली महिनाभर पुरेल. काल किसनचा बहिणीला फोन आला. पुढची बाटली तो स्वतः आणणार म्हणतो. "दुकानात जाऊन, पैसे देऊन, माझी सही करून आणतो. बघू तरी कसं वाटतं ते." मी वैद्यांना विचारलं. चिठ्ठी पेशंटची असली की घरचं कुणीही जाऊ शकतं, असं ते म्हणाले. तरी किसनवर जुनी केस आहे, वाटेत कुणी पिशवी उघडली तर, या विचारानं माझं जेवण जाईना. मग ठरवलं, त्याच्यासोबत आपणच जायचं. सरूबाईनं त्याला तसं कळवलं. तो नाही म्हणाला नाही. होही म्हणाला नाही.

मी तिला विचारलं, "नांदेडपासून लातूरपर्यंत साडेतीन तास. बोलंल का तो माझ्याशी?"

ती कूस बदलत होती. हळूहळू बदलली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "बोलला तर बोलला. न्हाई बोलला तर खिडकीतून रान बघा. पण त्याला सही करू द्या, मधी मधी सांगू नका."