पांढऱ्या चादरीवरची परीक्षा

दहा जानेवारी दोन हजार पंचवीस. मुले एकोणीस, शिकवणारी एक.

भांडुपच्या टेकडीवर एका कोकणी गावाच्या ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. पूर्वी ती गिरणगावात होती. गावाहून आलेले कामगार तिथे पाळीपाळीने झोपत. गिरण्या बंद पडल्या, ती खोली विकली गेली आणि तिच्या बदल्यात ही आली. इथे महिन्याची सभा भरते, गुरुवारी भजन होते, आणि दुपारी जानकी परब बालवाडी चालवते. जुन्या खोलीत झोपणाऱ्यांत तिचे वडील होते, म्हणून ही जागा तिला नुसत्या शब्दावर मिळाली. शब्दावर मिळालेली जागा शब्दासरशी जाऊही शकते, हे ती जाणून होती.

दिवाळीनंतर ती वेळ आली. रंगाच्या पाण्याची वाटी लवंडली आणि लाल ओघळ भजनाच्या सतरंजीत मुरला. टेकडीवर नळ येतो तो पहाटे, तासभर. पिण्याचा हंडा सतरंजीवर रिता करणे जानकीच्या मनाला पटेना. डाग राहिला. अध्यक्ष शिवदास तावडे म्हणाले, "पोरांका शिकव, माजी ना नाय. पण आनखी एक डाग पडलो, तर वर्ग बंद."

रंग सोडून अक्षरे गिरवून घे, असा सल्ला पुष्कळांनी दिला. तिने तो ऐकला नाही. पाण्याच्या टंचाईची शिक्षा मुलांच्या डोळ्यांना का, असा तिचा सवाल होता. अखेर मुलुंडला राहणाऱ्या तिच्या भाचीने, निधीने, पेंट पेन सुचवले. दाट रंग पेनातच भरलेला. वाटी नको, ब्रश नको, पाणी तर नकोच.

पहिल्या दिवशी फजिती झाली. पेनांची टोके पांढरीच राहिली. सुकलेल्या स्केचपेनात पाण्याचा थेंब सोडायची सवय जानकीच्या हाताला होती. तिने इथेही तेच केले आणि दोन पेने वाया घालवली. फोनवर निधी हसत सुटली. "मावशी, स्केचपेन आहे का ते? टोपण लावून हलव, मग टोक दाबून धर. कमाल आहे ना तुझी!"

दुसऱ्या दिवसापासून हलवण्याला भजनाचा ठेका मिळाला. पेनातली रंग ढवळणारी गोळी खुळखुळे, मुले डुलत. टोकाला थेंब फुगलाच, तर तो करवंटीच्या कडेला पुसायचा, हा नियम. कोकणी घरांत करवंट्यांना तोटा नव्हता.

दहा जानेवारीला शिवदासकाका सभेची पांढरी चादर घेऊन लवकर आले. "उठव गे पोरांका. बैठक घालूची हा."

"काका, घाला. मुलं तिच्यावरच बसून रंगवतील."

"खुळी काय गे तू?"

"डाग पडला, तर मीच कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देईन."

चादर पसरली. मुले बसली. खोलीत गोळ्यांचा खुळखुळाट उठला, मग टोपणे निघाली आणि सगळे शांत झाले. चार वर्षांच्या सर्वेशने जोर जरा जास्तच लावला. टोकाला निळा थेंब फुगला, लोंबू लागला. जानकी जागची हलली नाही. सर्वेशने जीभ दातांत धरून थेंब करवंटीच्या कडेला टेकवला.

"बाई, पुसला!"

काकांनी एक पेन उचलले आणि टोपण काढून टोक दाबू लागले. "ओ आजोबा!" सर्वेश ओरडला. "आधी टोपण लावा, मग हलवा! वाट लावाल चादरीची!"

काकांनी मुकाट्याने टोपण लावले आणि ठेक्यात पेन हलवले. मुले उठल्यावर त्यांनी चादर खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली. ती जशी आली होती तशीच होती. तीच त्यांनी सभेसाठी पुन्हा अंथरली आणि रंगीत करवंट्या मृदंगाच्या फळीवर स्वतः मांडल्या. "खोली पोरांचीच," ते म्हणाले. "तुजो बापूस आज हवो होतो."

जानकी ताठ मानेने टेकडी उतरली. तो अभिमान तिने कमावलेला आहे.

मात्र न सांडण्याची ही शिस्त त्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षीच अंगी बाणवली, कारण सांडलेले धुवायला पाणी नव्हते. मनगटापर्यंत हात रंगात बुडवून ते धुता येतील एवढे पाणी हे शहर त्यांना देणे लागते. ते अजून दिलेले नाही.