गेलडाची नात

मागच्या उन्हाळ्यात, अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती तेव्हा, माझा चुलत भाऊ माझ्या दारात आला. लकडगंजच्या आमच्या घरी तो त्याआधी कधी आला नव्हता, माझ्या लग्नालाही नाही. समोर लाकडं कापायची आरामशीन चालू होती. त्याला वाटलं असेल की आवाजात त्याची हाक मला ऐकू आली नाही. पहिलीच ऐकली होती. दुसरी मारू दिली.

"बस म्हणशील का नाही वं?"

"बसा ना दादा."

तो बसला, घाम पुसला आणि पिशवीतून एक डबी काढली. डबीत काचेसारखी नळी होती. म्हणाला, "यात थोडं थुंकून दे."

माझा नवरा आत जेवत होता. तिथूनच म्हणाला, "घरी येऊन थुंकाले लावते, असा पाहुणा म्या पह्यल्यांदाच पाह्यला."

दादा हसला नाही. मीही हसले नाही, पण मला बरं वाटलं.

तो माझी थुंकी का मागत होता, ते सांगायचं तर मागे जावं लागतं. माझी पणजी सावनेरकडे कोळशाच्या खाणीवर टोपल्या उचलायची. तिथे मोजणी बघणारा एक इंग्रज साहेब होता. त्याच्यापासून तिला मुलगा झाला. तो माझा आजोबा. साहेब रजेवर म्हणून विलायतेला गेला तो परत आला नाही. पणजी पोर कडेवर घेऊन नागपुरात आली. इथे एका विधुर विणकराने तिच्याशी पाट लावला. पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न, ना मांडव ना वाजंत्री. अशा बाईबरोबर आलेल्या पोराला आमच्याकडे गेलड म्हणतात. मग त्या दोघांना आणखी एक मुलगा झाला, तो दादाचा आजोबा. म्हणजे आमची पणजी एक आणि पणजे दोन. घरातल्या लहान पोरांनासुद्धा हे माहीत होतं.

विणकराने दोन्ही पोरांना मागावर बसवलं. गेलडाला आधी, कारण तो मोठा होता. त्याने कधी फरक केला नाही असं बाबा सांगायचे. फरक नंतरच्यांनी केला. अखजीला आमच्याकडे पितर जेवतात. पाण्याने भरलेल्या घागरीवर खरबूज ठेवतात, आणि गोवरीच्या विस्तवावर तूप सोडून एकेका पितराचं नाव घेऊन घास टाकतात. बाबा दर अखजीला दादाच्या घरी जायचे. ज्याने आपल्या बापाला वाढवलं त्याच्या नावाने एक घास टाकू द्या, एवढंच मागायचे. दादाचे वडील म्हणायचे, "गेलडाच्या पोराच्या हातचा आमच्या पितराले चालत नाही." मग बाबा ओसरीत बसायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवून घरी यायचे. घरी आल्यावर पुरणपोळी चांगली झाली होती म्हणायचे. ते वारले, पण तो घास त्यांना टाकायला मिळाला नाही.

आणि माझं स्वतःचं. मला उमरेडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मला आवडला होता, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. पाहुणे चहा पीत होते, दादा मध्ये बसला होता. तेव्हा तो तरणा होता, त्याला चार लोकांत हशा पिकवायची फार हौस. तो म्हणाला, "पोरीचे डोये पाह्या ना. अस्सल विलायती माल आहे, खाणीवरच्या सायबाचा." पाहुणे हसले. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. पुन्हा त्यांच्याकडून निरोप आला नाही. माझं लग्न खूप उशिरा झालं, आरामशीनवर काम करणाऱ्या माणसाशी. तो चांगला निघाला, पण त्याचं श्रेय दादाला नाही. तेव्हापासून मी चार लोकांत मान वर करत नाही, कारण मान वर केली की डोळे दिसतात.

आता दादाचा मुलगा परदेशात नोकरीला आहे. तिथे त्याला इंटरनेटवर वंशावळ शोधायचा नाद लागला. त्याने बापाला विचारलं, आपले पूर्वज कोण? आणि दादाने त्याला सांगितलं की आपला पणजोबा इंग्रज साहेब होता, पणजीशी त्याचं रीतसर लग्न झालं होतं आणि दोन्ही मुलं त्याचीच. ज्या साहेबाच्या नावाने माझं लग्न मोडलं, तो आता त्याला दिवाणखान्यासाठी पाहिजे होता. मुलाने साहेबाचं नाव आणि खाणीचं गाव इंटरनेटवर टाकलं. विलायतेतली एक म्हातारी बाई भेटली. तीही आपल्या घराण्याचा शोध घेत होती. साहेबाने मायदेशी परत जाऊन लग्न केलं होतं, त्या लग्नाची ती पणती. तिच्याकडे साहेबाचा फोटो होता. तो हुडकेश्वरला दादाच्या भिंतीवर लागला, चंदनाचा हार घालून. येणाऱ्याजाणाऱ्याला दादा तो दाखवायचा. हे सगळं मला वहिनीने फोनवर सांगितलं होतं, मी न विचारता.

मग त्या बाईने म्हटलं, आपण डीएनए तपासून पक्कं करू. दादाने नळीत थुंकून पाठवलं. उत्तर आलं की त्याचा आणि तिचा एक धागाही जुळत नाही. दादाने मुलाला सांगितलं की नमुना उन्हाने खराब झाला असेल. मुलाने दुसरी नळी पाठवली. तीच घेऊन तो माझ्यासमोर बसला होता.

"बाईचा नमुना, म्हणून माह्या पोरीच्या नावानं जाईल," तो म्हणाला. "तुले काही करा लागत नाही. तुहं जुळते, मले माहीत आहे."

"कसं माहीत?" मी विचारलं. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आता काहून विचारून राहिली? तुले माहीत नाही का?"

"मी गेलडाची नात. मले काय माहीत राहते?"

आतून ताट सरकवल्याचा आवाज आला. नवरा जेवायचा थांबला होता.

मी म्हटलं, "देईन. पण अखजीनंतर. अन् अखजीले तुमच्या घरी घास मी टाकीन. बाबाच्या नावाचा, अन् पणज्याच्या नावाचा."

"सायबाच्या?"

"मागवाल्याच्या. ज्याचा तुम्ही फोटो नाही लावला."

तो लगेच हो म्हणाला. मला त्याचाच जास्त राग आला. बाबा जे मागत मागत म्हातारे झाले, ते त्याने चहा पिता पिता देऊन टाकलं, पोराला खोटं सांगितलेलं झाकायला.

तो गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "खरंच देशील का?"

मी म्हटलं, "नाही."

अखजीला आम्ही हुडकेश्वरला गेलो. दुमजली घर, दोन कूलर, बरेच सोयरे जमलेले. अंगणात विस्तव केला होता. दादाने फोन एका खुर्चीवर टेकवून ठेवला होता. त्यात एका चौकोनात त्याचा मुलगा आणि दुसऱ्यात ती म्हातारी बाई, पांढऱ्या केसांची, गळ्यात मण्यांची माळ. दादाने पहिला घास साहेबाच्या नावाने टाकला. मुलगा तिला इंग्रजीत समजावून सांगत होता आणि ती मान हलवत होती. मग दादाने आजोबाचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं. विणकराचं घेतलंच नाही. ज्याच्या घरात, ज्याच्या पाटाच्या बायकोच्या पोटी त्याचा आजोबा जन्मला, तो माणूस त्या दिवशी त्या घरातून उपाशी गेला असता.

"ये वं," दादा मला म्हणाला.

एक म्हातारी आत्या पुटपुटली, "बाईच्या हातानं? अन् तेही यांच्यातल्या?"

"राहू दे ना आत्या," दादा म्हणाला. "जमाना बदलला आता."

मी पुढे झाले. बाबांचं नाव घेऊन घास टाकला. तूप सोडलं, जाळ उठला. मग विणकराचं नाव मोठ्याने घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाटलं होतं की मला रडू येईल. आलं नाही. राग होता तेवढाच होता, उलट त्याला आणखी भूक लागली.

तेवढ्यात फोनमधली बाई काहीतरी बोलली. मुलगा मला म्हणाला, "आत्या, त्या विचारून राहिल्या की तुम्ही कोण."

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "दूरची आहे म्हणून सांग. दूरची."

मी खुर्चीजवळ गेले. फोनसमोर खाली बसले आणि मान वर केली.

"तिले सांग," मी मुलाला म्हटलं, "सायबाचा इथं एकच पोरगा होता. तो माहा आजा. मी त्याची नात. तुहा आजोबा अन् तुहा बाप त्या मागवाल्याच्या घरचे, म्हणून तुहं काही जुळलं नाही. नमुना खराब नव्हता. बापाले विचार, मी खोटी असन तं."

मुलाने विचारलं, "बाबा?" दादाने विस्तवाकडे बघितलं. वहिनी घाईघाईने म्हणाली, "चला, पानं घेतली," पण कोणी उठलं नाही. मग मुलगा इंग्रजीत बोलायला लागला, बराच वेळ. मला इंग्रजी येत नाही, पण ती बाई स्क्रीनजवळ आली, तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि आपल्याच डोळ्याखाली बोट लावलं. तेव्हा मला कळलं की त्याने एक अक्षरही गाळलं नाही. पोरगा बापावर गेला नाही.

आम्ही निघालो तेव्हा दादा फाटकापर्यंत मागे आला. हातात ती नळी होतीच. अजूनही त्याला वाटत होतं की काही सावरता येईल.

"शब्द देल्ला होता तू."

"दूरच्या माणसाची थुंकी काय कामाची दादा?" मी म्हटलं. नवऱ्याने स्कूटर सुरू केली.

त्या बाईने नंतर दादाच्या मुलाच्या हाती निरोप पाठवला, की तुम्ही आमच्या घरातल्या आहात, तुमच्या नावाने नमुना पाठवा, आम्हाला फार आनंद होईल. मी मुलाला म्हटलं, "तिले विचार, तिच्या पणज्याची रजा कधी संपणार होती?"

"असंच विचारू का आत्या?"

"असंच."

तिने माफी मागितली म्हणे. तिची काही चूक नव्हती. मागितली तर मागू दे, कोणीतरी मागायला पाहिजेच होती. मी माझं नाव त्यांच्या वंशावळीत टाकू दिलेलं नाही. साहेबाच्या खाली माझा आजोबा आहे, बाबा आहेत आणि पुढे एक रिकामा चौकोन आहे. त्या लोकांनी तो बघावा.

मुलाने मात्र आपली फांदी साहेबाखालून काढली आणि विणकराखाली लावली. दादा त्याच्याशी महिनोन्महिने बोलला नाही. भिंतीवरचा फोटो उतरला. सोयऱ्यांत आता त्याला मागून काय म्हणतात ते मला वहिनीच सांगते, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेते.

परवा दादाचा स्वतःचाच फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, "मले कुठं नेऊन टाकलं वं तू. सगळं जग पाहते ते इंटरनेटवर. पाटाच्या नवऱ्याखाली नाव आहे माहं."

"चांगली जागा आहे ती दादा," मी म्हटलं. "मले भेटली असती तं मी घेतली असती."

त्याने फोन ठेवला. मी ते त्याच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. त्याला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. पण खरंही तेच होतं, आणि ते खरं आहे हे त्याला कळलं, म्हणूनच त्याला जास्त लागलं असेल.