क्लचच्या वायरचा खरा नंबर

आमच्या ह्यांना बाजारात सगळे 'कॅटलॉग' म्हणतात. तीस वर्षं गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहिले. गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, हे पार्टचा नंबर सांगून मोकळे. माझा फोन नंबर मात्र अजून चिठ्ठीवर बघतात. वर म्हणतात, "अगं, तुझा नंबर कंपनीचा नाही ना!" आता कपाळ फोडून घ्यायचं की काय?

रिटायर झाल्यावर माणसं फिरायला जातात. ह्यांनी लाल रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. आणली म्हणजे ढकलत आणली. चाळीस वर्षांची गाडी. क्लचची वायर तुटलेली, त्यामुळे गिअर पडेना आणि गाडी जागची हलेना. ती मेली जाऊन बसली आमच्या गॅरेजात, जे मला शिवणाच्या क्लाससाठी कबूल केलं होतं. सहा जणी आणि सहा मशिनं माझ्या बैठकीच्या खोलीत. सोफ्यावर बसलं की टाचणी टोचते. शेवटी मी बजावलं, "रविवारपर्यंत गाडी आपल्या चाकांनी बाहेर आली तर राहू दे. नाहीतर भंगारवाला येईल." ह्यांचा चेहरा एवढासा झाला, पण शब्द दिला.

साधी वायर, कुठलाही मेकॅनिक बनवून देईल. पण छे! कंपनीचीच पाहिजे, कंपनीच्याच नंबरची. जुन्या वायरच्या रबरावर पुसट आकडे होते. हे जमिनीवर पालथे पडून, भिंग लावून ते वाचत बसले आणि हरखून ऑर्डर दिली. बुधवारी हे भलंमोठं खोकं आलं. आत ट्रॅक्टरची सीट! रबरावरचा आकडा साच्याचा असतो, पार्टचा नसतो, हे ह्याच माणसाने तीस वर्षं अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलेलं. मी हसून हसून लोळले. हे त्याच सीटवर बसून विचार करत राहिले.

मग जुने कॅटलॉग निघाले. कंपनी एक नंबर बंद करते, त्याच्या जागी दुसरा देते. तो बंद झाला की तिसरा. टेबलावर पुस्तकं, जेवणाची ताटं मांडीवर. शुक्रवारी दुपारी सातव्या नंबरावर शोध संपला आणि ह्यांनी कॅटलॉग धाडकन मिटला.

"सापडला ना?" मी विचारलं.

"सापडला. पाववाल्याच्या व्हॅनचा आहे."

म्हणजे कंपनीने दोन्ही गाड्यांना एकच वायर लावली होती. बरं झालं की! पण ह्यांचा मान दुखावला. "जिच्यासाठी जन्मभर थांबलो, तिला पावाच्या गाडीची वायर? त्यापेक्षा बोलाव तुझ्या भंगारवाल्याला." जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी जिंकले होते. गॅरेज माझं झालं होतं, पडदे कुठले लावायचे तेही ठरलं होतं. पण खरं सांगते, मला त्यांच्याकडे बघवेना, जीव तुटत होता नुसता. चडफडत उठले आणि त्यांच्या जुन्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंकडून पाववाल्याच्या व्हॅनची वायर घेतली. व्हॅनचा नंबर छापलेलं खोकं वाटेतच टाकून दिलं. घरी आल्यावर ह्यांच्या वहीतला तो सगळ्यात जुना, रुबाबदार नंबर कागदावर लिहिला आणि वायरला चिकटवला.

"दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडली होती हो, शेवटची," मी ठोकून दिलं.

हे उठून बसले. कागद वाचला. मग वायरच्या टोकाची पितळी टोपी अंगठ्याने पुसली. तिच्यावर व्हॅनचा नंबर कोरलेला होता, मेला! मी बघितलंच नव्हतं. एक आकडा चुकला म्हणून मालकालाही चारचौघांत खोटं पाडणारा हा माणूस, मला सोडतोय होय?

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. माझ्याकडे बघितलं.

"नंबर बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर. चल, तू आत बस आणि सांगेन तेव्हा क्लच दाब."

आणि बाह्या सरसावून गाडीखाली शिरले.