उसन्या वाक्यातला उन्हाळा

प्रबंधाचा अहवाल हातात आला तेव्हा मी विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर उभी होते. पानोपानी लाल. उचललेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं माझं एकूण एक देखणं वाक्य रंगवलं होतं. ज्या वाक्यांची मला लाज वाटायची, तेवढी नेमकी कोरी ठेवली होती. मला आधी रागच आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीमागं, लोखंड ओतायच्या साच्यांतून निघालेल्या टाकाऊ वाळूचे ढीग आहेत. त्या ढिगांवर चढून पिशव्या मी भरल्या, त्यातले धातूंचे अंश मी तपासले, तक्ते माझे, आकडे माझे. मग चोरी कसली?

वाक्यं मात्र माझी नव्हती, हे कबूल. गडहिंग्लजजवळच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी वाक्य कुणी तयार करत नसे, पाठ करत असे. माझा आणि शेजारणीचा निबंध शब्दन् शब्द जुळला तर बाई दोघींनाही शाबासकी द्यायच्या. तीच खोड घेऊन मी पीएच.डी.पर्यंत आले. शोधनिबंध वाचताना झोकदार वाक्य दिसलं की ते एका लांब वहीत उतरवायचं. सुरुवातीची वाक्यं वेगळी, मतभेदाची वेगळी, समारोपाची वेगळी. लिहायला बसलं की त्यातलं एक काढायचं आणि त्यात आपली वाळू भरायची. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्यात आपलं काही चुकतंय, असं मला कधी वाटलंच नाही. इंग्रजी असंच लिहितात, अशी माझी पक्की समजूत होती.

"अगं, हे काय करून ठेवलंस?" माझे मार्गदर्शक सर म्हणाले. महिन्याभरात लाल घालवायचं होतं. नाहीतर प्रबंध वेळेत जाणार नव्हता आणि कॉलेजातल्या कायम जागेसाठी मला अर्ज करता येणार नव्हता. दहा वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. अशी जागा पुन्हा कधी निघेल, ते ब्रह्मदेवालाच ठाऊक.

त्या महिन्यात मी एका जागी बसले म्हणून नाही. शिवाजी पेठेतल्या भाड्याच्या खोलीत दोन ओळी लिहायच्या, उठायचं, चहा टाकायचा, तो अर्धा सोडून परत बसायचं. गल्लीत पोरं फुटबॉल बडवत होती, त्यांच्यावरही एकदा उगाच खेकसले. शब्द बदलून देणारं एक सॉफ्टवेअर वापरून पाहिलं, तर त्यानं माझ्या जळक्या वाळूचा भाजलेला समुद्रकिनारा करून टाकला. हसू यायला हवं होतं, पण मला रडू आलं.

अशातच एका पत्रावर सही घ्यायला फौंड्रीत गेले. एप्रिलचं ऊन होतं. तिथल्या फोरमनमामांनीच मला पहिल्या दिवसापासून ढीग दाखवले होते.

"काय मॅडम, झालं का न्हाय तुमचं पुस्तक?"

"होत आलंय, मामा."

"मंग काय निघालं आमच्या वाळूत?"

मी सुरू झाले. मर्यादित प्रमाणात भरावासाठी वापर केल्यास सदर वाळू सुरक्षित असल्याचं आढळून येतं, वगैरे. मराठीतही मी वहीच बोलत होते. मामांनी हात वर केला.

"असं नगा सांगू. टाकली तर चालती का न्हाय? लेकीच्या घराचं जोतं भरायचं हाय. शेजारीच हीर हाय, म्हणून इचारतोय."

"चालते की."

"बारमाही? तुमी तर पावसाळ्यातच येतासा. पावसानं धुतल्याली वाळू येगळी आणि ही आत्ताची येगळी."

"बारमाही. तसं लिहिलंय मी."

"लिवलंय म्हटल्यावर झालं की मग."

खोलीवर आले आणि शेवटचं प्रकरण उघडलं. ऋतू कोणताही असो, हे निष्कर्ष तितकेच लागू पडतात, अशा अर्थाचं वाक्य तिथं ऐटीत बसलं होतं. तेही लाल. वहीत शोधलं तर समारोपाच्या पानावर सापडलं. कुठल्यातरी परक्या गावात कुणीतरी बाराही महिने वाळू गोळा करून ते लिहिलं होतं. माझा उन्हाळा दरवर्षी पर्यवेक्षणात आणि पेपर तपासण्यात जायचा. माझी सगळी वाळू जून ते सप्टेंबरची, पावसानं धातूंच्या अंशांसकट धुऊन काढलेली. ते वाक्य मी त्याच्या चालीसाठी घेतलं होतं. ते काय म्हणतंय, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आता खरं सांगायला हवं. मी त्यातले तीन शब्द बदलले आणि ते कोरं झालं. कुणाला कळलं नसतं. दोन दिवस मी ते तसंच ठेवलं. 

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोडलं. त्या जागी माझ्या इंग्रजीत, कुठंही न बघता लिहिलं: मी वाळू फक्त पावसाळ्यात घेतली. उन्हाळ्यातली वाळू कशी असते, मला माहीत नाही. वाक्य शाळकरी दिसत होतं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"परीक्षक इथंच बोट ठेवणार. उन्हाळ्याची वाळू तपासून मगच दे. मुदतवाढ घ्यावी लागेल. ती जागा जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे, सर," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं म्हणून एक वाक्य कागदावर होतं. त्याच तोऱ्यात बाहेर येऊन मी मामांना फोन लावला.

"मामा, ती वाळू जोत्यात भरू नका."

"कालच दोन ट्रॉल्या वतल्या की. का वं?"

"उन्हाळ्यातली मी तपासलेलीच नाही."



"मंग लिवलं कशाला?"

वाक्य चांगलं होतं म्हणून, एवढंच खरं उत्तर माझ्याकडं होतं.