मुठीतली ऊब

कसबा बावड्यात वर्षाराणींच्या साडीच्या दुकानात जिप्सम बोर्डाची नवी भिंत उभी राहिली होती. तिचे सांधे भरायचं काम दस्तगीरकडं होतं. साठीला टेकलेल्या या माणसाचं उभं आयुष्य पांढऱ्या भुकटीत गेलेलं. आधी पीओपीची नक्षीदार छतं केली. बोर्ड आले तसा तो सांध्यांच्या कामाला लागला.

सांध्यात भरायचा मसाला कालवायची त्याची रीत ठरलेली. घमेल्यात आधी पाणी, मग वरून चाळल्यागत भुकटी. ती आपसूक भिजेपर्यंत हात लावायचा नाही. कालवून झालं की पेरूएवढा गोळा मुठीत धरायचा. घट्ट होऊ लागलेलं प्लास्टर तापतं. मुठीला ऊब लागली, की थोडाच वेळ उरला हे त्याला कळायचं. घड्याळ बघून काम करणाऱ्यांची तो थट्टा करी.

यंदा त्याचा मसाला घमेल्यातच दगड होऊ लागला. त्यानं भुकटी विकणाऱ्या दुकानदाराला झापलं, जुनं पोतं गळ्यात मारलंस म्हणून. हल्ली पायातली चप्पल निसटून मागं राहिली तरी त्याला पत्ता लागत नसे. मग एकदा जेवायला वाढताना त्याच्या बायकोला, नजीराला, त्याच्या उजव्या तळहातावर मोठा फोड दिसला. कशानं भाजलं, तिनं विचारलं. भाजल्याचं त्याला कळलंच नव्हतं.

"साखर वाढलीया तुमची," ती म्हणाली. "हात जायाची वाट बघताय व्हय?"

हातातलं काम उरकू दे, एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं बादलीतला तयार मसाला काढला. तो तापत नाही, हवेवर सावकाश वाळतो. मुठीत काही धरावं लागत नाही. चाचा सुधारले, असं दुकानात काम करणारा सुतार हसून म्हणाला.

पण तुळईखालची फट बोटभर रुंद होती. तिथं तयार मसाला वाळून आत ओढला गेला आणि सांधा चिरला. दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झालेल्या. वर्षाराणींनी चिरेवरून नख फिरवलं.

"चाचा, हे तुमच्या हातचं वाटत न्हाय. भुकटीच कालवा की."

दस्तगीरनं भुकटी कालवली. गोळा या वेळी डाव्या मुठीत धरला. वाट पाहिली. ऊब आली नाही. अजून अवकाश आहे म्हणून तो निवांत उंचावर काम करायच्या लाकडी घोड्यावर चढला आणि घमेल्यात मसाला भरायची पत्ती घातली. ती खणकन वाजली.

त्यानं मूठ उघडली. गोळ्यावर तळव्याच्या रेघा उमटल्या होत्या. तळवा लालभडक झाला होता.

काय झालं, वर्षाराणींनी खालून विचारलं.

"काय न्हाय. घमेलं धुवून आणतो."

मागच्या नळाखाली त्यानं दोन्ही हात धरले. पाणी वाहत असलेलं दिसत होतं. त्यानं हात हळूहळू पुढं सरकवले. मनगटाच्या वर गेल्यावर पाणी गार लागलं.