यमूला न सांगितलेलं औषध

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. दुसऱ्या बायकोपाशीही नाही — तिच्याबरोबर तर सारा जन्म काढला. आज तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला शाळेत शिकवायचो, वडील भिक्षुकी करायचे. माझी पहिली बायको यमू, वलगावची. तिला दिवस गेले आणि ती पांढरी पडत चालली. दोन घागरी उचलल्या की धाप लागायची. जीभ लालभडक, तिखट सोसायचं नाही. वैद्यांनी पंडुरोग म्हणून लोहभस्म दिलं. ते ती मधातून न चुकता घ्यायची. गुण येईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तिची पापणी ओढून पाहिली, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाल्या, पंडुरोग एकाच जातीचा नसतो. लोह कमी पडलं तर रक्तातले कण लहान, फिके होतात. तिथं लोहानं भागतं. हिचे कण थोडे आहेत, पण नको तेवढे मोठे. गरोदरपणात खाणं निकस पडलं की असं होतं. लोहानं बरं होणार नाही.

“बकऱ्याची कलेजी द्या रोज. सुधारेल ती.”

मी बरं म्हणालो. आमच्या घरी हे जमणार नाही — एवढंच सांगायचं होतं ना? पण बाईंपुढे मागासलेला दिसायची लाज वाटली. आणि वडिलांपुढे तो शब्द काढायची — भीती.

यमू बाहेर बाकावर बसली होती. “काय म्हणे बाई? मले सांगा ना.”

“तेच औषध चालू ठेवायचं.”

“मंग बरी होईन न मी?”

“होशील.”

धर्मासाठी गप्प बसलो म्हणावं, तर तेही खोटं. अकोल्याला जुन्या शहरात मित्राकडे मी स्वतः मटण खायचो. घरी पत्ता नव्हता.

बाळंतपणात यमू गेली. बाळही गेलं. माझी आई आल्यागेल्याला सांगायची, पोरगी हट्टी, जेवतच नव्हती. मी तिथंच बसलेला असायचो.

पुढे अकोल्याला बदली झाली. तिथल्या एका डॉक्टरांना दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं — कलेजी न चालणाऱ्या घरात काय करता? ते म्हणाले, “त्यात काय? पाव फुगवतात त्या खमिराचा अर्क मिळतो बाटलीत. मांसाचा संबंध नाही. अमरावतीच्या डॉक्टरीणबाई कितीतरी ब्राह्मण बायकांना तोच देतात.”

म्हणजे मी नुसतं तोंड उघडलं असतं तर —

त्यानंतर मी वलगावला गेलो. यमूच्या आईला सगळं सांगायचं ठरवून गेलो. तिनं पाट मांडला, जेवू घातलं. मी आचवून आलो तेव्हा ती पदर सावरत दाराशी उभी होती. म्हणाली, “जावाईबापू, आमच्या पोरीनं हट्टापायी तुमचा संसार मोडला. मनात नका ठेवू.”

मी म्हणालो, “नाही ठेवत.”