खोलीत बोलायचं एकानेच

कोणाच्याही घरी गेल्या की काकू बसायच्या आधी पडदा चिमटीत धरायच्या. मग उशांकडे, चटईकडे बघून निकाल द्यायच्या, "खोलीत बोलायचं एकानेच. बाकीच्यांनी ऐकायचं." म्हणजे पडद्यावर फुलं असली, तर बाकी सगळं साधं. काका हा नियम लग्नापासून पाळत होते.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी काकू असेल. आमच्या काकू टोकियोत, हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत आठव्या मजल्यावर राहायच्या. काका मुंबईहून बँकेच्या बदलीवर आलेले. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची बंदी, त्यामुळे सगळी हौस कापडावर भागवायची.

मी तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, ती मोठ्या भूकंपानंतर काही महिन्यांनी. धक्के अजून चालूच होते. नवरा दिवसभर तोयोसूच्या ऑफिसात. मी खिडकीला चादर खोचली होती आणि दाराशी आणीबाणीची चंदेरी पिशवी ठेवली होती. तिच्यात पाणी, टॉर्च, बिस्किटं आणि पासपोर्ट. मनाने मी पुण्याला पोचलेच होते, नवऱ्याला सांगायचं तेवढं बाकी होतं.

एका सकाळी काकू आल्या आणि त्यांनी चादर चिमटीत धरली. "हे काय गं?"

"परत जायचा विचार आहे, काकू. पडदे कशाला?"

"बरं. पण जाईपर्यंत खोली आहे ना?" त्यांची नजर पिशवीवर गेली. आता धीराचं भाषण होणार, म्हणून मी तोंड पाडून उभी राहिले.

"ही इथून हलणार नाही?"

"नाही."

"मग या खोलीत हीच बोलतेय. राखाडी पडदे घेऊ, उशांना साधे निळे अभ्रे. तुझ्या त्या बांधणीच्या उशा कपाटात टाक."

पडदे लावताना धक्का बसला. मी टेबलाखाली. काकू स्टुलावरून उतरल्या, भिंतीला पाठ लावून पडद्याकडे बघत राहिल्या. "झुलतोय छान," त्या म्हणाल्या, "पण बोटभर लांब झालाय."

मी टेबलाखालून बघितलं. खरंच लांब होता.

दुसऱ्या दिवशी त्या पडदा आखूड करायला आल्या, नंतर अभ्र्यांसाठी, नंतर चटई बदलायला. पुण्याचा विषय काढायला मला सवडच झाली नाही.

काही वर्षांनी काका निवृत्त झाले. मुंबईला परत निघायच्या आदल्या दिवशी मी काकूंना विचारलं, "तुम्हाला कधीच भीती वाटली नाही?"

"न वाटायला काय झालं? आठवा मजला किती हलतो, बघितलायस कधी? घरात एकटीला बसवायचं नाही. म्हणून तर तुमच्या घरांतून फिरायचे."

मला रडू फुटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या माझ्यासाठी येतात. त्या माझ्यासाठी येत नव्हत्या, हे कळल्यावर त्या मला जास्तच आवडल्या.

त्या गेल्या त्याच आठवड्यात, भर दुपारी इमारत हलली. थांबल्यावर मी चपला घातल्या, एक मजला उतरले आणि नव्याने आलेल्या मुलीची बेल वाजवली. तिने दार उघडलं. चेहरा पांढराफटक.

"काय झालं, ताई?"

"काही नाही गं. म्हटलं, तुझी खोली बघून यावी."

खोली सुरेख लावलेली होती. पडदे, उशा, चटई, कशालाही नाव ठेवायला जागा नव्हती.

"हे काही जमलेलं नाही," मी म्हटलं. "उद्या परत येते."